दोनशे पावलांवरचा माणूस

बाल्झ श्ट्यूसी हा माणूस असा होता, की गर्दीत हरवला तर शोधायला निघालेल्यानंच आधी कंटाळून घरी जावं. मध्यम उंची, मध्यम नाक, बोलणं बेताचं. ओळखायची खूण एकच, त्याची नखं. आमच्या ब्रुनबाख गावातल्या कापड छापायच्या गिरणीत तो रंग कालवायचा, त्यामुळे सोमवारी त्याची नखं निळी असली तर गुरुवारी विटकरी असायची. गिरणीतले रुमाल दूर आफ्रिकेत जायचे. तिकडच्या बायका यंदा कोणता रंग मिरवणार, हे आमच्या खोऱ्यात सगळ्यांत आधी बाल्झच्या नखांना कळायचं.

असा हा माणूस शनिवार उजाडला की बदलायचा. पाठीवर पिशवी, खांद्यावर दोर, आणि सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून, कॅमेरा. थंडीत शटर गोठू नये म्हणून तो कॅमेरा अंगाच्या उबेत ठेवायचा. डोर्ली, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "पोरं झाली तेव्हा इतकं पोटाशी धरलं नव्हतं यानं."

तो कॅमेरा त्यानं एकोणीसशे एकोणपन्नास साली घेतला. स्वतःच्या स्की विकल्या आणि बाजाराच्या गावातल्या एका मेलेल्या फोटोग्राफरच्या बायकोकडून तो जुना डबा उचलला. त्याबरोबर एकच लेन्स होती, पन्नास मिलीमीटरची, साधी. बाकीच्या चांगल्या लेन्स त्या फोटोग्राफरच्या पुतण्यानं दफनाची वाट न बघता आधीच लांबवल्या होत्या. पुढे गावातल्या हौशी लोकांकडे रुंद लेन्स आल्या, लांब लेन्स आल्या, पण बाल्झ पन्नासला चिकटून राहिला. नसलेल्या गोष्टीचंच त्यानं तत्त्व करून टाकलं, असं डोर्लीचं मत. मला विचाराल तर त्यात तथ्य आहे, पण पुरतं नाही. बाल्झला खरोखरच वाटायचं की रुंद लेन्स डोंगराला बुटका करते, लांब लेन्स त्याला ओढून अंगणात आणते, आणि पन्नासची लेन्स डोंगराला त्याच्या जागेवर राहू देते. जवळचा फोटो हवा असेल तर माणसानं पाय हलवावेत, लेन्स हलवू नये, एवढं त्याचं शास्त्र. त्या शास्त्रापायी तो हिमनदीच्या काठावर, सुळक्याच्या खांद्यावर, कुठेकुठे जाऊन उभा राहायचा.

एकट्यानं अर्थात नाही. पुढे बाल्झ आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला मेल्क हेफ्टी, अशी ती जोडी होती. मेल्क म्हणजे 'हिर्शेन' खानावळीचा मालक. उंच, देखणा, बोलायला लागला की समोरच्याचा बिअरचा ग्लास आपोआप रिकामा व्हायचा. बाल्झ आठवड्यात जेवढं बोलायचा तेवढं मेल्क दार उघडता उघडता बोलून मोकळा व्हायचा. या दोघांचं जमलं कसं, हे कोडं गावाला कधी सुटलं नाही.

फोटोत मेल्क आला त्याचीही गंमत आहे. बावन्न साली बाल्झनं गावामागच्या बेरेनश्टॉक डोंगराच्या कड्याचा एक फोटो पोस्टाच्या काचेत लावला. एक म्हातारा गुराखी तो बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "छान आहे. पण हा कडा आहे की खडीच्या ढिगाऱ्याची बाजू?" बाल्झला हे फार लागलं. दोन रात्री तो झोपला नाही. पुढच्या शनिवारी त्यानं मेल्कला सांगितलं, "तिकडे दोनशे पावलं चालत जा आणि उभा राहा."

"कशाला?"

"माप म्हणून."

मेल्क हसत हसत गेला आणि उभा राहिला. त्या दिवसापासून बाल्झच्या प्रत्येक फोटोत, दोनशे पावलांवर, कुठेतरी बोटभर उंचीचासुद्धा नसलेला मेल्क उभा असायचा. मेल्कची उंची अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होती, एक मीटर अठ्ठ्याहत्तर. हिर्शेनच्या स्वयंपाकघराची चौकट त्याहून दोन बोटं कमी होती आणि मेल्कच्या कपाळावर ती उंची कायमची नोंदलेली होती.

डोंगरावर दोनशे पावलांवर उभं राहणं सोपं नसतं. बाल्झ उन्हाची वाट बघत बसायचा आणि मेल्क वाऱ्यात कुडकुडायचा.

"अजून किती वेळ?" तिकडून हाक यायची.

"ढग सरकू दे."

"ढग सरकेल रे! पण मी इथं गोठतोय त्याचं काय?"

"हलू नकोस."

"मेल्यावर मुळीच हलणार नाही, तेव्हा काढ!"

हळूहळू ते मापच होऊन बसलं. आमच्याकडे लोक बर्फाचा कठडा किती मोठा ते मीटरमध्ये सांगत नसत, "चार मेल्क असेल" म्हणत. एकदा हिमकडा कोसळून शाळेपर्यंत आला, तेव्हा वर लाकडी आडोसे किती उंचीचे घालायचे, हे गावानं बाल्झचे फोटो टेबलावर पसरून ठरवलं. 'बाल्झचा फोटो' म्हणजे स्वतः जाऊन बघितल्यासारखं. कुठल्याही माणसाला अभिमान वाटावा असाच हा प्रकार होता, आणि बाल्झला तो वाटायचा. बोलून दाखवायचा नाही, पण त्या दिवशी नखं जरा जास्त घासून धुवायचा.

एकदाच त्यानं हे शास्त्र मोडलं, आणि ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढे त्यावरच सगळं उलटलं.

अठ्ठावन्न सालच्या शरदात बाल्झ बेरेनश्टॉकच्या उत्तर धारेवरून पडला. पुढे तोच होता. हातातला दगड निखळला आणि तो बारा-तेरा मीटर खाली गेला. मेल्कनं दोर सोडला नाही. दोर त्याच्या उजव्या तळहातातून सरसरत गेला आणि कातडी घेऊन गेला, पण शेवटी थांबला. बाल्झ वाचला, लेन्सची मात्र काच तडकली, ती पुढे बदलून आणावी लागली. दोघं कसेबसे उतरून पायथ्याच्या कुरणात येऊन बसले, मेल्कच्या हाताला रुमाल गुंडाळलेला, आणि तेवढ्यात त्या कड्यावर असं काही ऊन पडलं की बाल्झ रडायलाच लागला. मेल्कच्या पिशवीत त्याच्या मेहुण्याचा कॅमेरा होता, लांब लेन्सवाला. मेल्क म्हणाला, "घे, काढ. हात थरथरतायत तरी काढ." बाल्झनं काढला. मेल्कला दोनशे पावलं चालवायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

तो फोटो फारच देखणा निघाला. गिर्यारोहण मंडळानं तो दारभर मोठा करून वरच्या मुक्कामाच्या झोपडीत जेवणाच्या टेबलाच्या वर, भिंतीवर टांगला. लोक त्याखाली बसून सूप प्यायचे आणि म्हणायचे, "बाल्झनं कडा जिवंत आणलाय." बाल्झला घास गिळवत नसे. कडा जिवंत नव्हता, ओढून आणलेला होता. शेवटी एका शनिवारी तो खिळे काढायला पक्कड घेऊनच वर निघाला. वाटेत, कड्यावर दोराला लटकलेले असताना, त्यानं मेल्कला हा बेत सांगितला. मेल्क हसला.

"राहू दे रे. लोकांना आवडतो."

"खोटा आहे तो."

"तुला माहीत, मला माहीत. दोरावरचं दोरावर राहील."

आमच्याकडे ही रीतच आहे. दोराला बांधलेले असताना माणूस जे बोलतो, घाबरून, थकून, रडून, ते खाली खोऱ्यात आणायचं नाही. बायकोला सांगायचं नाही, पाद्रीबाबालाही नाही. बाल्झनं पक्कड पिशवीतच ठेवली आणि फोटो तिथेच राहिला.

आता चौऱ्याहत्तर सालाकडे येतो. त्या वर्षी गिरणी बंद होणार हे नक्की झालं. आफ्रिकेतल्या बायकांना कुणीतरी आणखी स्वस्त रुमाल देऊ लागलं होतं. ब्रुनबाखमध्ये घरटी एक माणूस गिरणीत होता, त्यामुळे लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि नेमक्या त्याच वेळी झ्युरिकहून एक इंजिनियर कागदांची गुंडाळी घेऊन आला. गावापासून फेर्बेनच्या कुरणापर्यंत रोपवे, वर उपाहारगृह, हिवाळ्यात स्की करणारे पाहुणे. फेर्बेन म्हणजे गावाच्या मालकीचं सगळ्यांत सुंदर कुरण. बाल्झनं आयुष्यातले निम्मे फोटो तिथून काढलेले. कुरण गावाचं, तेव्हा निर्णयही गावानंच घ्यायचा, मे महिन्यातल्या सभेत, हात वर करून.

लोक वाईट नव्हते, हे मी आधीच सांगतो. घाबरलेले होते. बाल्झचीही नोकरी जाणारच होती. तरी त्याला वाटत होतं की फेर्बेनवर खांब रोवण्याआधी लोकांनी निदान डोळे उघडून ठरवावं. त्याचा विरोध एवढाच होता.

जानेवारीत मेल्क त्याच्याकडे आला. "मंडळाला पंचाहत्तर वर्षं होतायत, कॅलेंडर काढतोय. फेर्बेनचा तो फोटो दे ना, मोठ्या शिळेचा. निगेटिव्हच दे, म्हणजे छपाई नीट होईल."

बाल्झनं निगेटिव्ह कधी कुणाला दिली नव्हती. सख्ख्या भावालाही नाही. मेल्कला दिली. पाकिटात घालून, वर कापूस ठेवून दिली.

एप्रिलमधल्या एका सकाळी रोपवे समितीची पुस्तिका पोस्टानं घरोघर आली. बाल्झ न्याहारीला बसला होता, पावावर लोणी आणि त्यावर आमचं ते हिरवं, उग्र वासाचं झीगर चीज किसून. पुस्तिका उघडली तर मधल्या दोन पानांवर फेर्बेन. खाली ठसठशीत अक्षरात: छायाचित्र, बाल्झ श्ट्यूसी.

"डोर्ली, हा माझा फोटो आहे."

"दिसतंय की. नावही छापलंय."

"मेल्क कुठाय?"

"या वेळी हिर्शेनमध्येच असेल, दुसरीकडे कुठे जाणार?"

"फोटोत कुठाय म्हणतोय मी!"

डोर्लीनं चष्मा लावला. फोटोत कुरण होतं, शिळा होती, मागे बेरेनश्टॉक होता, आणि रोपवेचे तीन खांब नाजूक रेघांनी काढलेले होते. शिळेशेजारी जिथे मेल्क उभा असायचा तिथे नुसतं गवत होतं. बाल्झनं भिंग आणलं. गवताची पाती एका ठिकाणी वेगळी होती, ब्रशनं ओढलेली. कुणीतरी मेल्कला पुसून टाकला होता, आणि खांब त्या शिळेपेक्षा जेमतेम उंच काढले होते. शिळा केवढी ते कुणी मोजलेलं नव्हतं. मेल्क केवढा ते सगळ्यांना ठाऊक होतं.

बाल्झ चीज तसंच टाकून हिर्शेनमध्ये गेला. मेल्क ग्लास पुसत होता. बाल्झनं पुस्तिका पुढे ठेवली आणि बोट ठेवलं.

मेल्कनं बघितलं, भुवया वर केल्या. "आयला! मला गायब केलं की."

"माझी निगेटिव्ह त्यांच्याकडे गेली कशी?"

"मंडळाच्या कपाटात ठेवली होती रे. तिथून कुणीतरी उचलली असणार. छापखानेवाल्यांची करामत असेल." मेल्कनं ग्लास उजेडात धरला. "मी बघतो. तू सभेत उठूबिठू नकोस. चार माणसांसमोर तुझं त-त-प-प होतं. मी बोलतो, तिथं उभा तर मीच होतो ना?"

बाल्झच्या छातीवरचं ओझं उतरलं. घरी येऊन त्यानं डोर्लीला सगळं सांगितलं.

"निगेटिव्ह परत दिली त्यानं?" डोर्लीनं विचारलं.

"विसरला असेल."

"आणि तू मागितलीस?"

बाल्झनं बूट काढायला घेतले.

"वा," डोर्ली म्हणाली, आणि बटाटे सोलायला लागली. बटाट्याचं साल जरा जाडच निघत होतं.

मेच्या दुसऱ्या रविवारी, चर्च सुटल्यावर, शाळेच्या पटांगणात सभा भरली. गावप्रमुख कास्पार येनी काळा कोट घालून बाकावर चढला आणि आमच्याकडे सभेची सुरुवात जशी व्हायची तशी त्यानं केली, "अत्यंत विश्वासाच्या आणि प्रिय गावकऱ्यांनो!" हे शब्द आम्ही पिढ्यान् पिढ्या ऐकत आलोय, त्यामुळे ते कुणाच्या कानात शिरत नाहीत. इंजिनियर बोलला. मग येनी म्हणाला, "खांब किती दिसतील, याची काहींना काळजी आहे. पुस्तिकेतला फोटो बघा. फोटो दुसऱ्या कुणाचा नाही, आपल्या बाल्झचा आहे. पन्नासच्या लेन्सचा." लोकांनी माना डोलावल्या. चार-दोघांनी बाल्झकडे बघून कौतुकानं हसूनही घेतलं. बाल्झचे कान तापले.

त्यानं मेल्ककडे बघितलं. मेल्क तीन ओळी पुढे उभा होता आणि स्वतःच्या बुटांकडे बघत होता. एक शेतकरी बोलला, मग शाळेच्या बाई बोलल्या, मग गिरणीचा फोरमन. येनीनं विचारलं, "आणखी कुणी?" बाल्झ थांबला. मेल्क बोलेल, आता बोलेल. मेल्कनं बुटाच्या टोकानं एक खडा उकरला.

"कुणी नसेल तर मतदान..."

"मी," बाल्झ म्हणाला. त्याच्या आवाजाचं त्यालाच नवल वाटलं.

लोकांनी वाट दिली. तो बाकाजवळ गेला, वर चढला नाही. हातात पुस्तिका होती आणि नखं त्या दिवशी हिरवी होती. "हा फोटो माझा आहे," तो म्हणाला. "पण पुरता नाही. या शिळेशेजारी मेल्क उभा होता. माझ्या फोटोत असतोच. त्याला कुणीतरी पुसलाय."

पानं उलटल्याचा आवाज आला.

"खांब छत्तीस मीटरचा आहे, पान सहावर बारीक अक्षरात लिहिलंय. एक मेल्क म्हणजे एक मीटर अठ्ठ्याहत्तर. म्हणजे एका खांबात वीस मेल्क, एकावर एक. इथं काढलाय तो साडेतीन मेल्कांचा."

कुणीतरी फिसकन हसलं. मागून बेकरीवाली म्हातारी ओरडली, "वीस मेल्क? एकच आवरत नाही आम्हाला!" सगळं पटांगण हसलं, पण हसता हसता लोक फोटो डोळ्यांजवळ नेत होते, बोटांनी मोजत होते. फोरमननं चष्मा काढून पुसला आणि परत लावला. इंजिनियर येनीच्या कानात काही सांगायला लागला. बाल्झला दिसलं की लोक त्याचं ऐकतायत. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं त-त-प-प झालं नव्हतं. आणि त्या आनंदात त्यानं ती चूक केली.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," तो म्हणाला. "मेल्कलाच विचारा. मेल्क, सांग त्यांना."

मेल्क पुढे आला आणि बाकावर चढला. त्याला बाक शोभायचा.

"बाल्झ माझा जिवाभावाचा मित्र आहे," मेल्क म्हणाला. "तो म्हणतो ते खरं आहे, मी तिथं उभा होतो. आणि मला पुसायला मीच सांगितलं. खानावळवाल्यानं गावाच्या कागदात स्वतःची जाहिरात केली, असं कुणी म्हणायला नको."

लोक हसले. बाल्झला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"राहता राहिलं माप," मेल्क पुढे म्हणाला. "बाल्झ म्हणतो, मेल्क नाही म्हणून फोटो खोटा. मग मला सांगा, वरच्या झोपडीतला तो मोठा फोटो, ज्याच्याखाली बसून आपण सगळे सूप पितो, त्यात मी कुठाय?"

लोक तो फोटो आठवायला लागले.

"नाहीये. कारण तो पन्नासच्या लेन्सचा नाही. माझ्या मेहुण्याच्या लांब लेन्सचा आहे. कडा आहे त्याच्या दुप्पट दिसतो. सोळा वर्षं आपण तो खरा म्हणून बघतोय. तेव्हा लेन्सचं कौतुक आता पुरे करू या, आणि पोराबाळांच्या पोटाचं बघू या. बाल्झ, मी सांगितलं ते खरं की खोटं?"

अडीचशे माणसं बाल्झकडे वळली. एक वाक्य बोलायचा अवकाश होता: मी तो काढायला निघालो होतो, यानंच मला थांबवलं. ते वाक्य त्याच्या दातांपर्यंत आलं. पण ते दोरावर बोललेलं होतं. मेल्कनं रीत मोडली म्हणून आपण मोडायची, हे त्याला सुचलंच नाही. मला सुचलं असतं. तुम्हालाही सुचलं असतं. बाल्झला नाही.

"खरं," तो म्हणाला.

लोकांचा चेहरा कसा बंद होतो ते त्यानं त्या दिवशी बघितलं. कुणी रागावलं नाही. बेकरीवाली म्हातारी नुसती "अगंबाई" म्हणाली आणि तिनं पुस्तिका घडी करून पिशवीत घातली. वीस मेल्क, साडेतीन मेल्क, सगळं एका शब्दात वाहून गेलं.

येनीनं मत मागितलं. हात वर गेले. मोजायची गरजच पडली नाही. तीन ओळी पुढे मेल्कचा हातही वर होता, उजवा. त्या तळहातावरचा गुळगुळीत, गुलाबी पट्टा बाल्झला इतक्या लांबून दिसत नव्हता, पण तो तिथे आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्या हातानं आपल्याला एकदा जिवंत ठेवलं, आणि त्याच हातानं आज आपल्याला गावासमोर पाडलं, एवढंच त्याच्या मनात फिरत राहिलं. तो इतका दुखावला होता की रागवायचंही त्याला सुधरेना.

घरी जाताना डोर्ली पुढे पुढे चालत होती. पुलाशी आल्यावर म्हणाली, "शिवी घाल."

"कुणाला?"

"त्याला! मोठ्यानं घाल. बरं वाटेल."

बाल्झनं खरोखर प्रयत्न केला. तोंड उघडलं, पण शिवी काही आली नाही. शेवटी डोर्लीनंच दोन घातल्या, त्याच्या वाटच्या.

पुढचे चार दिवस तो कामावरून आला की तळघरात जाऊन बसायचा, जिथे तो फोटो धुवायचा. बावीस वर्षांच्या निगेटिव्ह तिथे खोक्यांत होत्या. त्यानं त्या एकेक करून उजेडात धरल्या. हिमनदी, आणि मेल्क. सुळका, आणि मेल्क. पहाट, धुकं, कोसळलेला बर्फ, आणि प्रत्येकात दोनशे पावलांवर तो उभा, कधी हात हलवत, कधी थंडीनं पाय आपटत. एका निगेटिव्हमध्ये तो दोन्ही हात कमरेवर ठेवून इकडेच बघत होता. बाल्झ ती बराच वेळ धरून बसला. तेव्हाही याच्या मनात हे होतं का, की नंतर आलं? त्याला ठरवता येईना, आणि हे न ठरवता येणंच त्याला सगळ्यांत जास्त जाळत होतं.

गुरुवारी संध्याकाळी मेल्क आला. खांद्यावर दोराचं वेटोळं, हातात पाकीट. दारातच उभा राहिला. डोर्ली स्वयंपाकघरातून बाहेरसुद्धा आली नाही, नुसती भांडी आपटत राहिली.

"तुझी निगेटिव्ह," मेल्क म्हणाला. "कापूस तसाच आहे बघ."

बाल्झनं पाकीट घेतलं.

"हे बघ बाल्झ, तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस? गिरणी बंद झाल्यावर हिर्शेनमध्ये कोण येणार, उंदीर? मला दोन मुली आहेत. आणि तुला मी आधी सांगितलं होतं, उठू नकोस म्हणून. तू उठलास, वर मलाच हाक मारलीस. मी काय करणार होतो?"

"निगेटिव्ह कपाटातून कुणी उचलली नव्हती," बाल्झ म्हणाला.

"नाही."

"तूच दिलीस."

"मीच दिली." मेल्कनं खांदे उडवले. "जाऊ दे आता. सभेतलं सभेत गेलं. वर उपाहारगृह झालं की तुझे फोटो लावायला सांगतो मी, सगळ्या भिंती तुझ्या. आणि ऐक, शनिवारी हवा उघडतेय, रेडिओवर सांगितलं. दक्षिण धार? बर्फ घट्ट असेल. मी दोनशे काय, तीनशे पावलं चालेन, चल."

तो हसला. मनापासून हसला, हेच वाईट होतं. त्याला खरंच वाटत होतं की शनिवार आहे तसाच आहे.

"दोर कोण धरणार?" बाल्झनं विचारलं.

"म्हणजे? बावीस वर्षं कोण धरतंय? मीच की."

"बावीस वर्षं मी पुढे चढलो," बाल्झ सावकाश म्हणाला, "पण तू दोर नीट धरलायस की नाही, ते बघायला एकदाही खाली वळलो नाही. पडलो त्या दिवशीही नाही."

"मग?"

"आता वळणार. पावलागणिक वळणार. मला ते थांबवता येणार नाही, मेल्क. आणि खाली बघत बघत कुणाला वर चढता येत नाही."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मेल्क काही बोलायला गेला, पण बोलण्यात हयात गेलेल्या त्या माणसाला शब्द सापडला नाही. तो दोर सावरून पायऱ्या उतरून गेला.

बाल्झ श्ट्यूसी त्यानंतर सतरा वर्षं जगला. खोऱ्यातल्या सगळ्या पायवाटा त्यानं पालथ्या घातल्या, पण कमरेला दोर त्यानं पुन्हा कधी बांधला नाही.